खदानीच्या हिशेबात गाण्यांचा रकाना कुठे आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक, वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड (वेकोलि), नागपूर
तसेच
इंटक, आयटक, बीएमएस, एचएमएस आणि सिटू या कामगार संघटनांचे पदाधिकारी, वर्धा खोरे कोळसा क्षेत्र

विषय : खाण वसाहतींमधली पारंपरिक गाणी ध्वनिमुद्रित करून जतन करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

खाण बंद करायची तर आधी आराखडा लागतो, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. 2009 साली कोळसा मंत्रालयानं त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या कामासाठी दरवर्षी एस्क्रो, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात पैसे भरायची अट घातली. खड्ड्याचं काय करायचं, ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगावर कुठली झाडं लावायची, साचलेलं पाणी कुणाला द्यायचं, यंत्रं कुठं हलवायची, माणसं कुठल्या खाणीवर पाठवायची, या सगळ्याचा हिशेब होतो. त्या खाणीभोवती तीन-तीन पिढ्यांनी जी गाणी गायली, त्यांचा हिशेब कुठंच होत नाही. ती गाणी वेकोलिनं आणि तुम्ही संघटनांनी मिळून, गाणारी माणसं आहेत तोवर नोंदवून घ्यावीत, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे.

मी बल्लारपूरच्या खाण वसाहतीत वाढले. वडील खदानीत लोडर, म्हणजे कोळसा भरणारे कामगार होते. आता मी शाळेत शिकवते. संगीत मी शिकलेले नाही, त्यामुळे या पत्रात राग-तालाचं काही सापडणार नाही. पण क्वार्टरच्या एका ओळीत किती भाषांमधून गाणी ऐकू येत, ते मला पाठ आहे.

वर्धा खोऱ्यातला कोळसा इंग्रजांनी आधी वरोऱ्याला काढला. त्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. 1906 साली वरोऱ्याची खाण बंद पडली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. पुढे घुग्घुस, लालपेठ, महाकाली, राजुऱ्याकडे सास्ती, वणीकडचा पट्टा, माजरी. जुनी सरकारी कागदपत्रं उघडली तर वरोऱ्याच्या खाणीचे टनांचे आकडे मिळतात. त्या खाणीत उतरलेल्या माणसांनी संध्याकाळी काय गायलं, त्याची एक ओळही माझ्या ऐकण्यात नाही. ओळखीच्या कुणाच्याच नाही. आपल्याही खाणींचं उद्या तेच होणार, आणि या वेळी ध्वनिमुद्रणाचं यंत्र प्रत्येकाच्या खिशात असताना होणार.

माणसं कुठून कुठून आली! गोंड आणि कोलाम इथलेच. आसपासच्या गावांतून महार, कुणबी, तेली आले. छत्तीसगडहून बिलासपूर-रायपूरकडचे आले, त्यांना सगळे सरसकट बिलासपुरी म्हणत. नदीपलीकडून तेलुगू बोलणारे आले. चाळीसच्या दशकात, महायुद्धाच्या काळात कोळशाची ओढ लागली तेव्हा गोरखपूरकडून मजुरांच्या तुकड्याच्या तुकड्या देशभरच्या कोळसा पट्ट्यांत पाठवल्या गेल्या, त्यांच्या मागून पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारची माणसं येत राहिली. 1973 साली खाणी सरकारी झाल्या, 1975 मध्ये कोल इंडिया आणि तिच्याखाली वेकोलि आली, कंत्राटदाराचे मजूर कंपनीचे कामगार झाले. क्वार्टर मिळाली. गाव सोडून आलेली माणसं पहिल्यांदा एका भिंतीला भिंत लावून, नोकरी संपेपर्यंत शेजारी राहिली. मला वाटतं आमच्या गाण्यांची खरी गोष्ट इथून सुरू होते.

आमच्याकडचं वर्ष सणांवरून मोजायचं तर गाण्यांवरूनच मोजावं लागे. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा. नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून लोक येतात, झरपट नदीच्या काठी उतरतात, पोतराज, हलगी, बायांची देवीची गाणी. मंदिराला लागूनच महाकाली कॉलरी. पाळी सुटलेली माणसं काळ्या तोंडानं यात्रेत मिसळत. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या काकांकडे ढोलक आणि झांजेवर चैता. भाद्रपदाच्या अमावास्येला तेलुगू घरांत बतुकम्मा बसायची. तंगेडूच्या, गुनुगूच्या फुलांचा उतरंडीसारखा ढीग, भोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या बाया, एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. ओळीतल्या मराठी मुलीही त्या फेरात शिरत. अर्थ कळत नसे, ओळ उचलता येई. नवरात्रात छत्तीसगडी घरांतून मांदरवर जसगीत. 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर सगळी वसाहत लोटायची. 1956 साली नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी इथं दीक्षा दिली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. आदल्या रात्रीपासून भीमगीतं, पेटी, ढोलकी, आणि गळा बसेपर्यंत गाणारे हॉलेजवरचे, टिंबरवरचे, लॅम्प रूममधले लोक.

दिवाळी आली की तर विचारूच नका. झाडीकडच्या माणसांची दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य. राजुरा-जिवतीकडच्या गोंडांची दंडारी आणि मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी. छत्तीसगडच्या बाया टोपलीत धानावर मातीचा पोपट ठेवून घरोघर सुआ गायला येत. वाद्य काही नाही, नुसत्या टाळ्या. पोपटाला सांगायचं, जा, माझा निरोप माहेरी सांग. त्यांच्यामागून राऊत नाच्याची पोरं काठ्या उंचावत, दोहे फेकत. 18 डिसेंबरला गुरू घासीदास जयंती, सतनामी पोरांचं पंथी. अंगावर अंग चढवून मनोरा करत, तरी मांदरचा ठेका सुटत नसे. आणि बाराही महिने गुरुवारी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं. फाल्गुनात फगुआ. मग पुन्हा चैत्र.

यातलं बहुतेक सगळं आपापल्या मूळ मुलखात आजही आहे, मग खाण वसाहतीत वेगळं काय जपायचं, असं एका सद्गृहस्थांनी मला विचारलं. प्रश्न बरोबर आहे. बिलासपूरला सुआ आहे, करीमनगरला बतुकम्मा आहे, गोरखपूरला बिरहा आहे. पण बिलासपूरच्या सुआतल्या पोपटाला बल्लारशाच्या फलाटावरून गाडी पकडावी लागत नाही. आमच्या ओळीतल्या सुआत लागायची. आमच्या ओळीतल्या बायांचा पोपट पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत परतही यायचा, कारण नवऱ्याचा डबा भरायचा असे. ददरिया म्हणजे दोन-दोन ओळींची सवाल-जवाबाची गाणी, मूळची शेतातली आणि रानातली. आमच्याकडे ती नळाच्या रांगेत आली, आणि तिथं ती अर्धी छत्तीसगडी, अर्धी वऱ्हाडी-झाडी होऊन गेली. भजनी मंडळात खंजिरी मराठी माणसाची, ढोलक आझमगडच्या माणसाचं, आणि पेटीवर बसायला कुणी नसलं की तेलुगू टाइमकीपर. असलं गाणं मूळ गावी जन्मलंच नसतं. ते क्वार्टरच्या ओळीत जन्मलं आणि ओळ मोडली की जातं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, कुणी बिलासपूरला जातं, कुणी मुलाकडे पुण्याला, आणि ते निम्मं-निम्मं गाणं दोन्हीकडे परकं ठरतं.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकते. खाणकामगारांची गाणी गोळा करा म्हटलं की लोकांना वाटतं, जमिनीखाली कुदळीच्या तालावर माणसं गात असतील. वडिलांना मी हे विचारलं होतं. ते हसले. खाली गाणारा माणूस फार दिवस जगत नाही, म्हणाले. खाली कान छताला द्यायचा असतो. सरदार, म्हणजे पाळीवरचा मुकादम, आधी छत ठोकून पाहतो. घट्ट छत खणखणीत बोलतं, सुटलेलं छत पोकळ, ढोलासारखं बोलतं. लाकडी थुणी करकरू लागली की डोक्यावर वजन येतंय हे समजायचं. डिपिलरिंग चालू असताना, म्हणजे कोळशाचे खांब काढत मागे सरायचं असताना, गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून रिकाम्या झालेल्या भागात काय कोसळतंय ते ऐकूनच पाय कुठल्या बाजूनं उचलायचे ते ठरतं. टब, म्हणजे रुळावरचे कोळशाचे डबे ढकलताना एकमेकांना देण्याच्या हाळ्या असत, तेवढंच. पुढे कोळसा भरणारी एसडीएल यंत्रं आली, त्यांच्या आवाजात हाळीही गेली. दिवसाचे आठ तास ज्यांना जिवासाठी गप्प राहून ऐकत बसावं लागलं, ती माणसं वर आल्यावर एवढं का गात होती, हे मला तेव्हा थोडं उमगलं. म्हणून ही गाणी शोधायची तर खाणीत नाही, अंगणात, देवळात, बुद्धविहारात, पगाराच्या रात्री आणि लग्नाच्या मांडवात शोधावी लागतील. आणि त्याच बैठकीत तो छत ठोकण्याचा आवाज, त्या हाळ्या, कुठल्या भोंग्याचा काय अर्थ होता, हेही जुन्या सरदारांकडून मुद्रित करून घ्या. माझ्या मते तेही आमचं संगीतच आहे.

बायांचं मात्र वेगळं. बाया कामावर गात. 1937 मध्ये बायांना जमिनीखाली कामाला बंदी झाली, महायुद्धात 1943 साली ती उठली, आमच्या मध्य प्रांतातल्या खाणींतही बाया पुन्हा खाली उतरल्या, आणि 1946 मध्ये बंदी परत आली. 1952 च्या खाण कायद्यानं ती कायम केली. 2019 साली अटींसह मोकळीक मिळेपर्यंत बाई म्हणजे वरचं काम : दगड वेचणं, टोपल्या वाहणं, वॅगन भरणं. वॅगन भरताना ओळीनं टोपली पुढे जाते, तिथं गाण्याशिवाय भागत नाही. या बायांची संख्या हजेरीपटावर पहिल्यापासून कमी होत गेली आणि आज त्यातल्या हयात असलेल्या सगळ्या म्हाताऱ्या आहेत. सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर या आजींपासून करा. पुरुष मंडळी थांबू शकतात.

आता जरा अवघड मुद्दा. आमची सगळी गाणी सणासुदीची नाहीत. अपघाताची गाणी आहेत. डिसेंबर 1954 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून 63 माणसं गेली. तेव्हा आपला विदर्भ आणि छिंदवाडा एकाच मध्य प्रदेशात होते, आणि पेंच-कन्हानचा तो पट्टा आज वेकोलिकडेच आहे. तिथल्या आणि आमच्या बऱ्याच घरांत सोयरिक. अशा मृत्यूंवर बाया रडताना जे म्हणत, त्यात माणसाचं नाव असे, पाळी असे, कुणी खाली पाठवलं तेही असे. चौकशी अहवालात जे येतं त्यापेक्षा ते वेगळं असतं, आणि दोन्ही ठेवायला हवं. दारूच्या गुत्त्याची आणि सावकाराची गाणी आहेत, पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या वसुलीवाल्या पठाणाची आहेत. संपाची गाणी आहेत. साहेबाची टर उडवणारी आहेत, मुंशीची तर फारच आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर बघता बघता जमिनीच्या पोटात गेलं, आसपासची कुटुंबं हलवावी लागली. खालच्या जुन्या खाणकामाचं ते देणं. त्यावर आज ना उद्या कुणी गाणं रचेल, कदाचित रचलंही असेल. ते गाणं तुमच्या संग्रहात असेल का?

माझी मागणी या प्रश्नावर अडते, म्हणून स्पष्ट लिहिते. संग्रह कंपनीच्या पैशानं व्हावा, पण काय ठेवायचं नि काय गाळायचं हे कंपनीनं ठरवू नये. सुरक्षा सप्ताहात हेल्मेट घाला, नियम पाळा अशी गाणी बसवली जातात, बक्षिसं दिली जातात. चांगली गोष्ट आहे, कुणाचा जीव वाचत असेल तर आणखी चांगली. पण ती कार्यालयातून खाली आलेली गाणी आहेत. मी म्हणते ती वसाहतीतून वर येणारी.

कंपनी असं कशाला करेल, असं कुणी म्हणेल. एका सरकारी कोळसा कंपनीनं हे करून दाखवलं आहे. ब्रिटनमध्ये 1947 साली खाणी सरकारी झाल्या. चारच वर्षांनी, 1951 मध्ये, तिथल्या राष्ट्रीय कोळसा मंडळानं आपल्याच मासिकातून कामगारांना आवाहन केलं की तुमच्याकडची गाणी पाठवा. काम पाहायला घेतलं ए. एल. लॉइड या लोकगीतांच्या अभ्यासकानं. कामगारांनी पाठवलेल्या गाण्यांतून 1952 साली पुस्तक निघालं आणि त्यात खाणमालकांना शिव्या घालणारी, संपाची आणि अपघाताचीही गाणी छापली गेली. मंडळाचं काही बिघडलं नाही. 2015 च्या डिसेंबरात यॉर्कशायरमधली केलिंग्ली खाण बंद झाली, ब्रिटनमधली ती शेवटची खोल कोळसा खाण. खाणी गेल्या, मंडळ त्याच्या कितीतरी आधी गेलं, आणि गाणी आजही तरुण पोरं गातात, कारण कुणीतरी वेळेवर एक साधी जाहिरात दिली होती. त्याच्याही आधी, 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात जॉर्ज कॉर्सन नावाचा एक वार्ताहर बातम्या गोळा करता करता खाणकामगारांची गाणी उतरवून घेऊ लागला. विद्यापीठातला पंडित नव्हता तो. जर्मनीनं शेवटची दगडी कोळशाची खाण 2018 मध्ये बंद केली आणि खाणकामगारांचं एक जुनं गाणं गाण्याची प्रथा 2023 मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली. आपल्या देशानंही युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या करारावर 2005 सालीच मान्यतेची मोहर उमटवली आहे.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गिरणीचं पीठ आल्यावर जाती थांबली, ओव्या राहिल्या. मुंबईच्या गिरण्यांची गाणी टिकली त्याचं कारण वेगळं. तिथं अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर होते, 1944 पासून लाल बावटा कलापथक होतं, छापखाने होते, वर्तमानपत्रं होती. आमच्या खदानीत शाहीर नव्हते असं कोण म्हणेल? त्यांच्याजवळ छापखाना नव्हता. एकेकाच्या वहीत गाणी होती, वही पेटीत होती, पेटी बदलीत फिरत राहिली आणि वाळवीनं किंवा पावसानं कधीतरी संपली. हेही सांगते की बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डिसेंबर 1943 मध्ये धनबादकडे स्वतः खाणीत उतरले होते, आणि 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा अध्यादेश त्यांच्याच खात्यानं आणला. भीमगीतांत घटना येते, चवदार तळं येतं, दीक्षा येते. खाणीत उतरलेले बाबासाहेब कुणाच्या गाण्यात आले आहेत का, हे मला फार दिवसांपासून शोधायचं आहे. एकट्या बाईच्यानं दोन जिल्ह्यांतल्या वसाहती पालथ्या घालणं होत नाही.

पैशाचं म्हणाल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाखाली ज्या कामांवर खर्च करता येतो त्यांच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय हे काम स्वस्त आहे. एका डंपरच्या टायरच्या पैशात वर्षभर चालेल, असं मला एका निवृत्त मेकॅनिकनं सांगितलं. त्यानं हिशेब करून सांगितलं की थट्टेत, ते मी विचारलं नाही.

सावनेरला तुम्ही 2016 मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाबरोबर (एमटीडीसी) खाण पर्यटन सुरू केलं, त्याचं मला कौतुकच आहे. शहरातली पोरं हेल्मेट घालून खाली उतरतात, कोळसा कसा निघतो ते पाहतात, वर येऊन बागेत फोटो काढतात. त्या फेरीत त्यांना खाणीचा आवाज ऐकवा. कॅप लॅम्प दाखवता तसं त्या दिव्याच्या उजेडात आयुष्य काढलेल्या माणसाचं एक भजन, एका आजीचं वॅगन भरतानाचं गाणं, छत ठोकल्याचा तो खणखणीत आणि तो पोकळ आवाज. ऐकणारा लगेच विचारेल, दोन्हींत फरक काय. मग त्याला सांगायला निवृत्त सरदार ठेवा, मानधन देऊन.

एक विनंती मात्र हात जोडून. या पत्राचा परिणाम म्हणून कुणी खनिक लोककला महोत्सव जाहीर करू नये. आम्ही ते पाहिलेलं आहे. मंच, पाहुणे, पुष्पगुच्छ, प्रत्येक गटाला पाच मिनिटं, भाड्यानं आणलेले सारखे फेटे, निवेदकाची शेरोशायरी. पंथीवाल्यांना सांगतात, मनोरा आधी करा, टाळ्या पडतील. बतुकम्माच्या बायांना मंचावर जागा पुरत नाही म्हणून फेरा अर्धा होतो. रात्रभराचं गाणं पाच मिनिटांत कोंबलं की आतली भांडणं, खाकरणं, विसरलेली ओळ दुसरीनं आठवून देणं, हसणं, हे सगळं जातं, आणि जपायचं तेच असतं. स्पर्धा लावली तर त्याहून वाईट. नंबर आलेलं गाणं राहील, बाकीची मुकी होतील.

त्यापेक्षा असं करा. प्रत्येक क्षेत्रातून वसाहतीतलीच दोन-तीन तरुण मुलं-मुली निवडा, ज्यांना छत्तीसगडी, तेलुगू, गोंडी, भोजपुरी यांतली घरची भाषा येते. कामाला लागलेल्या पोरांपेक्षा काम शोधणारी जास्त आहेत, त्यामुळे माणसं मिळतील. त्यांना पगार द्या, महिनाभर शिकवा. गुरुग्रामला लोकसंगीताचं, 1982 साली स्थापन झालेलं मोठं ध्वनिसंग्रहालय आहे, तिथले जाणकार शिकवायला बोलावता येतील. ही पोरं आजींच्या घरी जातील, आजी म्हणतील तेव्हा, गुडघे दुखत नसतील तेव्हा. गाण्याबरोबर गप्पाही मुद्रित होतील : हे कुणाकडून शिकलात, कुठं गायचात, आता का गात नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाण्यापेक्षा लांब निघेल, बघा. गाणं त्याच भाषेत, देवनागरीत उतरवायचं, मराठी अर्थ शेजारी. गोंडीची चूक गोंडी माणसानंच काढायची, मास्तरीणबाईंनी नाही.

हक्क गाणाऱ्याचा राहील, हे कागदावर लिहून द्या. कॉपीराइट कायदा सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क वेगळा मानतो. ज्या आजीनं गाणं दिलं तिच्या घरी एक प्रत पोचलीच पाहिजे. उद्या कुणी ते चित्रपटात किंवा जाहिरातीत घातलं तर तिला विचारलं जावं आणि पैसे मिळावेत. दुखवट्याचं एखादं गाणं घरच्यांना बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर ते जाऊ नये. मूळ संग्रह एकट्या मुख्यालयात ठेवू नका. साहेब बदलले की कपाटाच्या किल्ल्या बदलतात. एक प्रत गोंडवाना विद्यापीठात असावी. 2011 साली चंद्रपूर-गडचिरोलीसाठीच ते निघालं, हे काम त्यांचंही आहे. एक नागपूरला, आणि एक वसाहतीतल्याच वाचनालयात किंवा बुद्धविहारात, जिथं चप्पल काढून कुणीही आत जाऊ शकतं.

आता संघटनांच्या साथींना दोन शब्द. पाच झेंडे, पाच कार्यालयं, निवडणुकीच्या वेळी पाच लाउडस्पीकर. तुमच्या कपाटांत जुनी पत्रकं आहेत, गेट मीटिंगला म्हटलेली गाणी छापलेल्या पिवळ्या चोपड्या आहेत, कुणाकडे कॅसेटही असतील. कॅसेटची फीत चिकटायला लागली की ती परत ऐकता येत नाही, म्हणून त्या आधी बाहेर काढा. आणि कृपा करून कुठलं गाणं कुणाच्या झेंड्याचं, यावरून वाद घालू नका. एकाच चालीवर तीन संघटनांनी आपापले शब्द बसवलेले मी ऐकले आहेत. तिन्ही ठेवू. जुन्या सभासदांची यादी तुमच्याइतकी कुणाकडेच नाही, कंपनीकडेही नाही. 1973 मध्ये विशीत भरती झालेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या बायकोला कदाचित त्याच्यापेक्षा जास्त गाणी येतात, पण यादीत तिचं नाव नसतं. यादी करताना ते घाला.

तुमच्याकडून मला समिती नको आहे. एक परिपत्रक हवं आहे, हजेरी घराच्या फळ्यावर आणि पेन्शनच्या रांगेत लागेल असं, मराठी, हिंदी आणि तेलुगूत : तुमच्याकडे, तुमच्या आईकडे, आजीकडे जुनी गाणी असतील तर अमुक खोलीत कळवा, आम्ही येऊन ऐकू. ते भाद्रपद अमावास्येच्या आधी लागलं तर बतुकम्मापासून मुद्रण सुरू होईल, आणि दिवाळीपर्यंत पोरांचा हात बसलेला असेल. बल्लारपूर, सास्ती आणि घुग्घुसमधल्या गायला तयार असलेल्या सात आजींची नावं माझ्याकडे लिहून ठेवलेली आहेत. त्यातल्या दोघींना ऐकू कमी येतं, तेव्हा येणाऱ्या पोरांनी जवळ बसून, मोठ्यानं बोलावं लागेल.

कळावे,
आपली,
एका लोडरची मुलगी,
बल्लारपूर, जि. चंद्रपूर